ओळीच्या आधी

"ती बाई कुठे गेली?"

डॉक्टर जोहरांनी हे इतक्या सहज विचारलं, की वर्गातल्या निम्म्या लोकांनी मानही वर केली नाही. मस्कतला, रुवीतल्या एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, एमबीएचा पार्टटाइम वर्ग गुरुवारी दिवसभर भरायचा. आठवडाभर कारखान्यांत नि कचेऱ्यांत राबलेली माणसं सुटीच्या दिवशी बायकापोरांना घरी ठेवून तिथे येऊन बसायची. दुपारच्या बिर्याणीनंतर, एसीच्या घरघरीत, समोर कोण काय सादर करतंय याकडे फार थोड्यांचं लक्ष असायचं. पण दयानंद मर्चंडेचं बोट माऊसवर होतं तिथेच राहिलं. त्याने नुकतेच दोन तुकडे ऐकवले होते, एक आधीचा नि एक नंतरचा. विषय होता माहिती तंत्रज्ञानाचं व्यवस्थापन. हाताने चालणारी कुठलीही एक व्यवस्था घ्या, ती संगणकावर आणा आणि ते काम कसं आखलं ते मांडा, असं मॅडमनी सांगितलं होतं. बाकीच्यांनी आपापल्या कंपन्यांची गोदामं नि पगारपत्रकं आणली. दयानंदने बाबांच्या कॅसेटी आणल्या. खेड तालुक्यातल्या एका वाडीत त्याच्या बाबांची गायनपार्टी होती. जयंतीला, पौर्णिमेला, कुणी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला ते रात्रभर गाऊन धम्म सांगायचे, आणि कुणीतरी मुंबईहून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर ते सगळं वेडंवाकडं उतरलेलं होतं. झांजा, कुत्री, रडणारी पोरं, 'अरे तो दिवा सरकव' असले आवाज, आणि त्यातून वर येणारा बाबांचा गळा. ते सगळं घासूनपुसून त्याने सीडीवर नुसता गळा ठेवला होता. त्याचा त्याला अभिमान होता, का नसावा?

"कुठली बाई, मॅडम?"

"पहिल्या तुकड्यात आहे ना. तुमच्या वडिलांच्या ओळीच्या आधी हळूच काहीतरी म्हणते. दुसऱ्यात ती नाही."

दयानंद हसला. हे त्याला ठाऊक होतं. टेप वर्षानुवर्षं गुंडाळून पडली, की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, त्यामुळे पुढच्या ओळीची पुसट सावली आधीच ऐकू येते. ही जुन्या टेपांची खोड आहे, बाई वगैरे कुणी नाही, असं त्याने नीट समजावून सांगितलं. प्रत्येक दोन ओळींमधली जागा हाताने निवडून कोरी केली, हेही सांगितलं. जोहरा मॅडमनी मान डोलावली. त्या जन्माने झांझिबारच्या, बोलताना एक भुवई वर जायची. "असेल," त्या म्हणाल्या. "मला यातलं काही कळत नाही. पण सावली श्वास घेते का, मिस्टर मर्चंडे? ही घेते." मग कागदावर काहीतरी टिपून त्यांनी पुढचं विचारलं, "वापरणारा कोण? त्याला काय हवं ते विचारलंत का?" दयानंद म्हणाला, "वापरणारे माझे वडील. त्यांना काय विचारायचं? त्यांना स्वच्छ ऐकू आलं म्हणजे झालं." वर्ग हसला. पुढच्याचं नाव पुकारलं गेलं.

राहत्या गावी, सोहारला, परतताना बरका येईपर्यंत त्याच्या डोक्यात मार्कांचाच हिशेब चालला होता. कारखान्यात नवं सॉफ्टवेअर यायचं होतं, त्या खात्याची खुर्ची ज्याच्याकडे पदवी आहे त्यालाच मिळणार होती, आणि बेचाळिसाव्या वर्षी आपल्याहून कितीतरी लहान माणसांत बसून तो ती पदवी घेत होता. उजवीकडे खजुरांच्या रांगा, त्यांच्यापलीकडे न दिसणारा समुद्र, डावीकडे धुळीत विरघळलेले डोंगर, मध्ये एकामागून एक येणारे राउंडअबाउट. मे महिन्याचं ऊन काचेतून मांडीवर पडलेलं. 'सावली श्वास घेते का' हे वाक्य चप्पल चावावी तसं मध्येच चावायचं. त्याने गाडीतल्या प्लेअरवर सीडी लावली. बाबा किसा गोतमीचं आख्यान गात होते. मेलेलं मूल काखेला मारून बाई दारोदार फिरते आहे, ज्या घरात कधी कुणी मेलं नाही त्या घरची मूठभर मोहरी तिला हवी आहे. गळा लखलखीत. प्रत्येक ओळीच्या आधी कोरी शांतता, धुतलेल्या ताटासारखी. आणि त्याला एक विचित्र गोष्ट आठवली. ही सफाई करताना महिनाभर त्याला झोप यायची. शुक्रवारी सकाळी, आंघोळ करून, चहा घेऊन बसला तरी कानाला हेडफोन लावून दहा मिनिटं झाली की पापण्या जड व्हायच्या. सुलोचना म्हणायची, "अहो, बाबांचं प्रवचन ऐकून झोपणारे तुम्ही पहिलेच. पाप लागेल." तो एसीला दोष द्यायचा. पण आता सीडी वाजत होती, तोच गळा, तेच आख्यान, रस्ता सरळसोट, ऊन जड, आणि झोपेचा पत्ता नव्हता.

सहमच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवून तो स्टिअरिंगवर हात टाकून बसला. ती झोप त्याच्या ओळखीची होती. ती आईच्या मांडीवरची होती. बाबा पुढे उभे राहून गायचे, मागे कोरसवाली माणसं, त्यांत आई झांज घेऊन बसायची आणि चार-पाच वर्षांचा दया तिच्या मांडीवर आडवा. झांज वाजवायची नसली की ती त्याला थोपटायची. डोळे मिटलेले असायचे, कान तिच्या पोटाला लागलेला, आणि गाणं बाहेरून यायच्या आधी आतून यायचं. आधी पोटात काहीतरी गुणगुणल्यासारखं, मग बाहेर बाबांचा आवाज. आधी आत, मग बाहेर. त्याला वाटायचं गाणं असंच असतं, आधी आईत होतं आणि मग जगात होतं. पाचवीला वसतिगृहात गेला नि ते विसरला. पुढे आईचा आवाज म्हणजे सुटीवरून निघताना 'जपून जा' म्हणणारा, एसटीडी बूथवरून 'जेवलास का' विचारणारा, मोठ्याने, कारण दूरच्या माणसाशी मोठ्याने बोलायचं असतं अशी तिची समजूत. ती कुजबुजते कशी हे त्याला माहीतच नव्हतं. ती गेली तेव्हा तो इथेच होता. पोचला तोवर अंगणातल्या चुलीवर पाणी तापवणारीसुद्धा दुसरीच कुणी बाई होती. आणि गेल्या महिन्यात, बोटाने, एक एक जागा निवडून, त्याने तिला पुसून काढलं होतं.

हार्डडिस्क लहान, म्हणून मूळ फाइली त्याने कामासरशी उडवलेल्या. वर्गात ऐकवायला ठेवलेला अर्ध्या मिनिटाचा नमुना तेवढा राहिला होता. आणि कॅसेटी? कॅसेटी 'आता रिकाम्याच समज' म्हणून त्याने कारखान्यातल्या इक्बालला कधीच देऊन टाकल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी बाबांचा फोन आला. सीडी सुटीवर जाणाऱ्याबरोबर पाठवली होती, ती पोचली होती.

"दया, ब्येस वाजतंय रे. मी एवढा गोड गायचो काय?"

"गायचात की, बाबा."

"हां. पण यात गाण्याची वळ कोण सांगतं?"

दयानंदने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तुझी आय सांगायची नव्हं. मी गाणी बांधायचो नि इसरायचो. लोकं मला एकपाठी म्हणायची, मी आपला हसून घ्यायचो. पाठ व्हतं ते तिला. तिनं मागनं सांगायचं नि मी पुढं गायचं, चाळीस वर्सं कुणाला पत्ता नाय." बाबा हसले, मग खोकले. "तिच्यामागं मी गायलोच नाय, तुला ठावं हाय. येत्या पुनवेला नवं विहार उघडतंय, लोकं म्हणाली मर्चंडेबुवा, गोतमी लावा. तू टेपा नव्या करून देतोस म्हणालास, म्हणून मी हो म्हणालो. म्हटलं, ती सांगंल, मी गाईन. आता काय करू? नको सांगू का त्यांना?"

"दुसरं कुणी सांगेल ना, बाबा. गुरुजी आहेत..."

"गुरुजीनं परवा वाचून दाखवलं. मोठ्यानं, पुरती वळ. मला शाळंत बाकावर उभं केल्यासारखं झालं. एक कडवं झालं नाय." आणि मग, जणू कुणा तिसऱ्याबद्दल, "गोतमी गायल्याबिगर मरायचं नव्हतं खरं मला."

फोन ठेवल्यावर दयानंदने सुलोचनाला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले. सासू नि ती एका घरात फार राहिल्या नव्हत्या, पण लग्नानंतरच्या पहिल्या कार्यक्रमाला सासूने तिला शेजारी बसवून घेतलं होतं. "मला वाटायचं सासूबाई जप करतात," ती म्हणाली. "ओठ सारखे हलायचे. मी विचारलं नाही. तुम्ही तरी कधी विचारलंत?" हे ती टोचून नव्हती बोलली, म्हणून जास्त टोचलं. मग परातीकडे बघत म्हणाली, "इक्बालभाईंकडे जाऊन या आधी. रडायचं ते मागनं."

इक्बाल औद्योगिक वसाहतीतल्या खोल्यांत राहायचा, दयानंदच्याच कारखान्यात माल भरायच्या विभागावर होता, आणि गाव म्हणाल तर खाडीच्या पलीकडचं, दयानंदच्या वाडीतून त्याच्या मशिदीचा मिनार दिसायचा. त्याची आई अमीरुन्निसा हिला लिहितावाचता येत नव्हतं, आणि फोनवर ती लाजून बोलायचीच नाही. म्हणून ही मायलेकरं अजून जुन्या रीतीने कॅसेटवर पत्रं पाठवायची. सुटीवर जाणारा एक नेई, परतणारा दुसरी आणी. कोऱ्या कॅसेटी आता मिळेनाशा झाल्या होत्या. दयानंदने खोकंभर दिल्या तेव्हा इक्बालने त्याला मिठी मारली होती. आता तो खोलीच्या दारात बनियनवर उभा होता आणि ऐकता ऐकता त्याचं तोंड उतरत गेलं.

"दयाभाऊ, तू बोललास रिकाम्या आहेत."

"मीच बोललो."

"अरे, मी सगळ्यांवर बडबडून ठेवलंय रे. बऱ्याचशा गेल्या पण गावाला. तिकडं अम्मा त्यांच्यावरच जवाब भरते." त्याने कपाळावर हात मारला. "खलास. काय केलं मी हे."

"तू नाही केलंस. आहे का एखादी इथे?"

एक होती. पाठवायची राहिलेली. इक्बालने कपाटावरचा टेपरेकॉर्डर काढला, तोंडाने फुंकर मारून धूळ उडवली. दोघे पलंगाच्या कडेला बसले. टेपमधला इक्बाल घसा साफ करून बोलायला लागला, अम्मा, मी खैरियत आहे, फरिदाला सांग तिच्या खोकल्याचं औषध घेतलंय, तू गुडघ्याला तेल लावत जा, लावते म्हणतेस नि लावत नाहीस, मला माहीत आहे. खरा इक्बाल लाजून भिंतीकडे बघत होता. "पुढं घेऊ का?" "नको," दयानंद म्हणाला. "येऊ दे सावकाश." पत्र चाललं, पाण्याची टाकी झाली, शेजारणीचं भांडण झालं, आणि शेवटी टेपमधला इक्बाल म्हणाला, "चल, ठेवतो. अल्ला हाफिज, अम्मा." खट्ट. आणि पत्राच्या पलीकडे, जिथपर्यंत इक्बालचं बोलणं पोचलं नव्हतं तिथे, तो मांडव जसाच्या तसा होता. पोर रडत होतं. झांज थांबली. कुणी खाकरलं. आणि मग अगदी जवळून, टेपरेकॉर्डर तिच्याच मांडीशी ठेवला असेल म्हणून इतक्या जवळून, एक श्वास, आणि दोनच शब्द.

"मोहरी आहे..."

आणि बाबांनी उचललं,

मोहरी आहे, मोहरीला काय तोटा
सांग पण कुणाचा रिकामा नाही ओटा

इक्बालने उठून खिडकीतला एसी बंद केला, की आवाज यायला नको. त्या उकाड्यात घामाघूम होत दोघांनी टेप संपेपर्यंत ऐकली, आणि पुन्हा मागे नेऊन ऐकली, आणि दर वेळी ती अम्माच्या गुडघ्यांनंतर, 'अल्ला हाफिज'नंतर आली. फार नव्हतं, गोतमीने ठोठावलेली तीन-चार दारं. पण तेवढ्यात दयानंदला तिचं काम कळलं. ती ओळ सांगत नव्हती. पहिले दोन शब्द देऊन गप्प बसत होती. बाबा श्वास घेताहेत त्या श्वासातच शब्द द्यायचे. लवकर दिले तर मागची ओळ तुटते, उशिरा दिले तर गाणारा उघडा पडतो. भरलेली घागर कुणी डोक्यावर चढवताना तळाला नुसती बोटं लावावीत, उचलणाऱ्याला वाटावं मीच उचलली, तसं. चाळीस वर्षं लोकांनी बाबांना एकपाठी म्हटलं ते तिने ऐकलं असेल. मागे झांज घेऊन बसून ऐकलं असेल. तेव्हा ती हसली असेल का?

"घेऊन जा ती," इक्बाल म्हणाला. "अम्माला मी नवी करीन."

"तुझं बोलणं आहे तिच्यावर."

"राहू दे की. गुडघ्याला तेल तुझ्या बाबांना पण लागतंच."

बाबांना त्याने फोन केला, लोकांना 'नको' म्हणू नका, ओळ मी सांगतो, म्हणाला. बाबांना वाटलं, पोरगा येतोय. कारखान्यात त्या आठवड्यात भट्टी बंद करून दुरुस्ती चालली होती, रजेचं नाव काढायची सोय नव्हती. "फोनवरून सांगतो," दयानंद म्हणाला. मग बाबा म्हणाले, "विहाराच्या भिंतीला लागून सुताराचं घर हाय. त्येंच्याकडं फोन हाय. वायर लांब करता येते का बघतो." तिथून आठवडाभर सोहारच्या त्या फ्लॅटमध्ये गोतमी दारोदार फिरली. बाबांचे सगळे शब्द सीडीवर होतेच, लखलखीत. दयानंद एका कानाला हेडफोन लावायचा आणि दर ओळीच्या आधी, त्याने स्वतः कोऱ्या करून ठेवलेल्या त्या जागांत, दोन शब्द कुजबुजायचा. जागा अचूक मोकळ्या होत्या. जणू त्याच्यासाठीच राखून ठेवल्या होत्या. नववीतला अश्विन दारात उभा राहून ऐकायचा. त्याचं मराठी अडखळत चालायचं, पण कान तल्लख. "पप्पा, तुम्ही लेट आहात," तो म्हणाला. "आयएसडीला डिले असतो ना. आजोबांना मागून ऐकू येणार. श्वासाच्या पण आधी बोला." श्वासाच्याही आधी! म्हणजे बाबांना श्वास घ्यावासा वाटेल हे त्यांच्या आधी आपल्याला वाटलं पाहिजे. बुधवारी त्याने मॅडमसाठीचा अहवाल पुरा केला. 'वापरणारा' या रकान्यात आधी वडिलांचं नाव होतं. ते ठेवलं, खाली लिहिलं: या व्यवस्थेचा खरा चालक पडद्याआड होता, प्रकल्प आखणाऱ्याला त्याची ओळख पटली नाही, म्हणून प्रकल्प अयशस्वी. मार्क जातील, त्याला वाटलं. पण खोडलं नाही.

पौर्णिमा शुक्रवारी आली. तिकडे दिवेलागण उलटली, इकडे अजून पश्चिमेला तांबडं होतं. सुलोचनाने कपाटावरच्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती नि उदबत्ती लावली, तिघांनी वंदना म्हटली, आणि दयानंद फोन घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला. पलीकडे रिसीव्हर कुणीतरी बाबांच्या फेट्याखाली मफलरने बांधला होता, त्यामुळे आधी नुसतीच कापडाची घसघस ऐकू आली, त्यामागे माणसांची गजबज, आणि अगदी जवळ बाबांचा श्वास. वृद्ध, थोडा शिट्टी वाजवणारा. लखलखीत गळा राहिला नव्हता. सीडीवरचा माणूस वेगळा होता, हा वेगळा. श्वास कुठे घेईल त्याचा नेम नव्हता. पहिल्या दाराशी दयानंद चुकला, शब्द पडले ते बाबांच्या ओळीवर पडले, दोघेही थबकले. त्याने डोळे मिटले. सीडी विसरली. नुसता तो श्वास धरला, आणि श्वासाच्या थोडं आधी म्हणाला, "घर थोर..." आणि बाबांनी उचललं. "चूल पेटली..." उचललं. दुसऱ्या दाराला किंचित उशीर झाला, पण बाबांनी सांभाळून घेतलं, झांजवाल्याला एक ठोका जास्त वाजवायला लावला. तिसऱ्या दारापासून दोघं चालायला लागले. दयानंदला हळूहळू आपला आवाज ऐकू येईनासा झाला. शब्द त्याच्यातून निघत होते, समुद्र ओलांडून जात होते आणि पलीकडे गाणं होऊन परत येत होते. आधी आत, मग बाहेर.

शेवटचं दार आलं. गावाबाहेरची म्हातारी, जिच्या घरात कुणीच उरलेलं नाही. गोतमी तिच्या दाराशी उभी राहते. बाबांनी उभी केली, आणि थांबले. दयानंदने पुढचे दोन शब्द तोंडात आणले आणि तो अडला. सीडीवर इथे लगेच पुढची ओळ होती. पण इथे मुळात किती शांतता होती हे त्याला माहीत नव्हतं, कारण फार लांबलेली रिकामी जागा म्हणून एवढी एक, कोरी न ठेवता, त्यानेच कापली होती, आणि इक्बालच्या टेपेवर हे दार आलंच नव्हतं. पलीकडे शिट्टीचा श्वास. एक. आणखी एक. म्हातारा अडकला? की गोतमी उभी आहे? अश्विन समोर येऊन हातवारे करू लागला, सांगा, सांगा. सुलोचनाने पदर तोंडाशी धरला. सगळी वाडी तिकडे गप्प बसलेली, आणि चाळीस वर्षं मिरवलेलं एक नाव त्या शांततेत लोंबकळत होतं. दयानंदचे ओठ उघडले. आणि त्याला आपल्या पाठीवर हात जाणवला. थोपटणारा, झांजेच्या लयीतला. आणि तो हात इथे, नेमका इथेच, थांबायचा. आईचं पोट इथे गप्प असायचं. अर्धवट झोपेतल्या पोराला ते थोपटणं थांबलेलं कळायचं, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत ते श्वास धरून पडून राहायचं.

त्याने ओठ मिटले.

पलीकडे, कुणी न सांगता, बाबांनी ओळ काढली. फाटलेल्या, खाली बसलेल्या आवाजात म्हातारी गोतमीला घरात घेत होती, बैस म्हणत होती. मग समुद्रावरून, थोडा उशिराने, साऱ्या विहाराचा गजर आला, साधू, साधू, साधू!

बऱ्याच वेळाने मफलर सुटल्याची घसघस झाली.

"दया."

"हां, बाबा."

"दुसऱ्या दाराला उशीर केलास. ती कधी करायची नाय."

"हो."

"नि म्हातारीच्या दारात ती गप बसायची. तितं मला माझं मी करू द्यायची. तू पण बसलास." बाबा थांबले. कुणीतरी त्यांना पाणी देत होतं, घोट ऐकू आला. "तुला रे कुणी सांगितलं ते?"

दयानंदने सांगायला तोंड उघडलं. पण फोन कानाशी तसाच, भिंतीला टेकून, त्याच्या डोळ्यांवर झोप उतरायला लागली होती.